सातवा ठिपका

अंतालाहाच्या वर, आमच्या डोंगरात,
व्हॅनिलाची शेंग हिरवी असतानाच
तिच्यावर मालकाची खूण टोचतात.
बुचात रोवलेल्या टाचण्या. एकदाच दाबायचं.
शेंगेला जरासा चीक येतो, मग ती विसरते.
विसरते असं वाटतं आपल्याला.
कढत पाण्यातून काढली, घोंगडीत घामेजली,
उन्हं खाऊन खाऊन काळीठिक्कर झाली,
तरी ठिपके जिथल्या तिथे.

वुलासुआच्या बापाचं बूच आम्ही दोघींनी केलं.
तेराव्या वर्षी. बाटलीचं बूच,
शिंपिणीच्या हातापाया पडून आणलेल्या सात टाचण्या.
सातवी माझ्या हातून वाकली.
नवी आणते म्हटलं, तर ती म्हणाली, राहू दे,
एवढी एक तुझी सही.

मग ते भाव चढलेलं साल.
तराजूवाला शहरातून जीपने यायचा,
हिरवी, कच्ची, कशीही शेंग घ्यायचा,
कुणाची ते विचारायचा नाही.
कुणी घरावर पत्रे घातले,
बुतुवेलूने फ्रिज आणला. गावात वीज नव्हती,
त्यात तो रविवारचे कपडे ठेवायचा.
आणि माझ्या भावाने, तुंबुझाराने, मला बूट आणले
पांढरेशुभ्र, टाचेवर निळी रेघ.
कुठून, हे विचारावंसं वाटलं मला.
मी खाली वाकले आणि नाड्या बांधल्या.

वुलासुआचे चाळीस वेल एका रात्रीत ओरबाडले.
एकेक फूल तिने काट्याने उघडलं होतं,
सकाळी फुलतं आणि दुपारी मिटतं ते,
चाळीस वेलांमागे किती सकाळी, तुम्हीच मोजा.
तिचा बाप कोयता उशाला घेऊन निजला होता.
निजला, हीच चूक, असं लोक म्हणाले.

पंधरवडा उलटला, आणि गावाने चोर धरला.
माहासुलु, दक्षिणेकडचा,
तिकडे पाऊस नाही म्हणून इकडे रोजावर आलेला.
त्याची बोली आमच्या कानांना वाकडी,
त्याचं ‘नाही’ कुणाला ‘हो’ ऐकू आलं.
शाळेपुढच्या फणसाला बांधला त्याला.
उजाडल्यावर ठरवू, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं,
पण हात उजाडायची वाट बघत नाहीत.

त्याच संध्याकाळी मी सरपणाला मागच्या खोपीत गेले.
चटई. तिच्यावर सुकत घातलेल्या शेंगा.
वासाने डोकं जड झालं.
एक उचलून दिव्यापाशी धरली:
सहा ठिपके सरळ, सातवा कलंडलेला.

रात्रभर मी छत बघितलं.
तुंबुझारा पलीकडे घोरत होता,
लहान असताना घोरायचा तसाच.
फणसाकडून आवाज यायचे, मग यायचे नाहीत,
न येणारे जास्त वाईट.

पहाटे चटई गुंडाळून डोक्यावर घेतली,
अनवाणी गेले,
आणि सगळ्यांच्या पायांपाशी ओतली.
कुणाला काही वाचून दाखवावं लागलं नाही.

दोरीची गाठ सुटेना. वुलासुआने दातांनी सोडवली.
माहासुलुने पाणी मागितलं, तिनेच दिलं.
त्याचा एक डोळा उघडत नव्हता,
दुसऱ्याने त्याने माझ्याकडे पाहिलं, ओळख नसल्यासारखं.
नव्हतीच ओळख.
माझ्या भावाला ट्रकमधून पोलिसांकडे नेलं.
तराजूवाला ओसरीवर कॉफी पीत होता,
त्याला कुणी काही विचारलं नाही,
तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

लोक म्हणतात, धाडसाची पोरगी.
वुलासुआ एवढंच म्हणाली,
“संध्याकाळीच कळलं होतं ना तुला?”

मी हो म्हटलं.

नऊ वर्षं झाली. आमचे बांध लागून आहेत.
मिठाला, काड्यांना येते ती, मुलाला माझ्याकडे ठेवून जाते.
त्या रात्रीचं बोलत नाही.
पण शेंगा भरल्या की तेच जुनं बूच काढते,
टाचण्या गंजल्यात, सहा तिने बदलल्या,
वाकडी तेवढी ठेवली.
मला जवळ ठेवायला, की आठवण द्यायला,
माझ्या मनात येतं विचारावं.
तिच्या वेलांवर माझी सही
दरवर्षी थोडी थोडी काळी पडत जाते.